कंबर ‘अखडणे’ आणि कंबरेची ‘ताठरता’

प्रश्न : वणी तालुक्यातील एका गावात कंबरेच्या तपासणीसाठी मराठी माहितीपत्रक लिहीत आहे. कंबरेतील मऊ ऊतींचा, म्हणजे स्नायू, त्यांवरील आवरणे आणि अस्थिबंध यांचा ‘स्टिफनेस’ यंत्राने मोजला जाणार आहे. मसुद्यात मी ‘कडकपणा’ लिहिले होते. ते ऐकून सोयाबीनच्या सोंगणीवरून आलेल्या एक मावशी म्हणाल्या, “कडक नाई जी, माही कंबर अखडली.” मग ‘अखडलेपणा’ लिहावे काय?

उत्तर : मावशींचा शब्द खरा आहे, पण तो यंत्राच्या आकड्याचा नाही. ‘अखडणे’ म्हणजे आवळून, आकसून राहणे. ‘हात आखडता घेणे’ यातही हेच आहे. दिवसभर वाकून उठताना जे जाणवते, ते या शब्दात नेमके सापडते. ‘लचक भरली’, ‘उसण भरली’ हे अचानक घडलेल्या गोष्टीचे शब्द, म्हणून ते इथे बाजूला ठेवावेत. (‘कंबर धरली’ मध्ये धरणारा कोण, हे मात्र आपल्याकडे कोणीच विचारत नाही.)

यंत्र मोजते ते वेगळे. पालथे झोपवून गोल टोकाची दांडी कंबरेवर हळूहळू दाबतात आणि किती बलाने किती मिलिमीटर दबले, हे नोंदवतात. बलाला त्या अंतराने भागले की ‘न्यूटन प्रति मिलिमीटर’ या एककात उत्तर येते. श्वासाबरोबर आकडा बदलतो, म्हणून श्वास सोडून क्षणभर थांबायला सांगतात. स्नायू आवळला तरी आकडा चढतो. दोर सैल पडलेली बाज आठवा : दोर ताणून बांधला की तीच बाज त्याच माणसाखाली कमी दबते, दोर मात्र बदललेला नसतो. अख्ख्या बाजेच्या या गुणाला मी ‘ताठरता’ म्हणेन. दोराच्या स्वतःच्या गुणासाठी ‘यंगचा गुणांक’ (पदार्थ ताणायला किती विरोध करतो) किंवा ‘कर्तन गुणांक’ (त्याचे थर एकमेकांवरून सरकवायला किती विरोध करतो) असे वेगळे शब्द आहेत आणि त्यांचे एकक पास्कल आहे. ध्वनिलहरींच्या तपासणीत स्नायूतून जाणाऱ्या कर्तन लहरीचा, म्हणजे आडव्या थरथरीचा, वेग मोजतात आणि त्यावरून कर्तन गुणांक काढतात. घनता पाण्याइतकी धरली, तर सेकंदाला 2 मीटर वेगाला 4 किलोपास्कल आणि 3 मीटरला 9 किलोपास्कल कर्तन गुणांक येतो, कारण वेगाचा वर्ग घेऊन त्याला घनतेने गुणावे लागते. ‘कडकपणा’ भाकरीला आणि उन्हाला राहू द्यावा.

दोन शब्द वेगळे ठेवण्याचे आणखी एक सबळ कारण आहे. 2017 साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, पाठ अखडल्यासारखी वाटणाऱ्यांच्या पाठीची मोजलेली ताठरता, तसे न वाटणाऱ्यांपेक्षा अधिक आढळली नाही. पाठीवर पडणारा जोर मात्र पाठ अखडल्यासारखी वाटणाऱ्यांना प्रत्यक्षापेक्षा जास्त वाटत होता. एकच शब्द वापरला, तर आकडा कमी आल्यावर मावशींना आपण खोटे ठरवल्यासारखे होईल.

प्रश्नकर्ता : ‘ताठर’ म्हटले की गावात हेकट माणूस डोळ्यांपुढे येतो, ही अडचण उरतेच.

उत्तर : म्हणूनच शब्दाआधी कृती लिहावी : “कंबर दाबल्यावर किती दबते हे यंत्राने पाहू, कमी दबली तर तिची ताठरता जास्त. कंबर किती अखडल्यासारखी वाटते, हे तुम्हीच सांगायचे आहे. त्याची नोंद वेगळ्या रकान्यात होईल.”