सक्तीचा परवाना आणि फॉर्म २७
सक्तीच्या परवान्याने (म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला उत्पादनाची दिलेली सरकारी परवानगी) भारताने बायर या जर्मन औषध कंपनीचे पेटंट हिसकावून घेतले, असे म्हटले जाते; ते मला पटत नाही. पेटंट बायरकडेच राहिले. मार्च २०१२ मध्ये नॅटको या भारतीय औषध कंपनीला नेक्साव्हार हे बायरचे कर्करोगावरील औषध बनवण्याची परवानगी मिळाली ती विक्रीवर ६ टक्के (पुढे ७ टक्के) स्वामित्वशुल्क बायरला देण्याच्या अटीवर, आणि रुग्णाचा महिन्याचा खर्च सुमारे २,८०,००० रुपयांवरून ८,८८० रुपयांवर आला. आणखी एक बाब अशी की, पेटंटचा भारतात कितपत वापर केला याचे विवरण पेटंटधारकाला फॉर्म २७ मध्ये द्यावे लागते (एरवी तो बहुधा उरकण्यापुरताच भरला जातो), आणि औषध पुरेशा रुग्णांपर्यंत पोहोचत नसल्याचा निष्कर्ष काढताना हा परवाना देणाऱ्या पेटंट नियंत्रकांनी बायरच्याच विवरणांचा आधार घेतला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये परवान्याचा तो आदेश कायम ठेवला.