हायलाईट्समध्ये कुठली मॅच आधी हे कोण ठरवतं?

मिरज_मिडफिल्ड: दाजी इंग्लंडात असतात, एव्हर्टन फुटबॉल क्लबचे कट्टर, दर शनिवारी रात्री बोंबलतात की मॅच ऑफ द डे मध्ये (बीबीसीवरचा फुटबॉल हायलाईट्सचा कार्यक्रम) आमची मॅच कायम शेवटी, तोवर डोळे मिटतात. हे मुद्दाम करतात काय राव? काही नियम आहे का?

कृष्णाकाठ: नियम कसला, एडिटर ठरवतो. गोल किती, रेड कार्ड, पेनल्टीचा राडा, टायटल नाहीतर रेलिगेशनवर (खालच्या लीगमध्ये घसरण्यावर) फरक पडतोय का, हे बघून. ०-० झाली की तळाला, मग मोठा क्लब का असेना. शनिवारी दुपारच्या ३ च्या मॅच तिकडं टीव्हीवर लाईव्ह दाखवायला बंदी, त्यामुळं बऱ्याच जणांना त्या पहिल्यांदा तिथंच दिसतात, म्हणून एवढी भांडणं.

सातारी_कंदी: २२ ऑगस्ट १९६४ ला सुरू झाला तेव्हा ही कटकटच नव्हती, एकच मॅच! लिव्हरपूल ३, आर्सेनल २.

कृष्णाकाठ: ते खरंय. पण मोठ्या क्लबला झुकतं माप असतंच, २-१ सारखंच असलं तरी युनायटेडची आधी आणि बर्नलीची मागं. प्रेक्षक कुणाचे जास्त ते बघणारच की.

मिरज_मिडफिल्ड: मग दाजींना सांगतो, आधी गोल मारा म्हणावं 😂