ठिकाणांवरचं ललित वाचून तुम्ही काय लिहिलंत? अनुभव सांगा

दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' परवा पुन्हा काढलं. एकेका मराठी महिन्यावर एकेक लेख. चैत्र वाचून झाला आणि वही ओढली, पण वहीत उतरली ती बाईंचीच भाषा. माझं गाव काही आलं नाही. तुमचं असं झालंय का? विदर्भातल्या खेड्यापाड्यातल्या मंडळींनी जरूर लिहा. मोडकंतोडकं चालेल.

दर्यापूर तालुक्यातून:
कॉलेजात कोकणावरचे लेख इतके वाचले की माझ्या पहिल्या लेखातल्या विहिरीवर माडाची सावली पडली होती! आमचा खारपाणपट्टा. माती काळीभोर, पाणी मात्र खारट. त्यात डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पाहुणा आला की आधी पाण्याची माफी मागायची. ह्यावर काय लिहायचं, असं वाटे. मग एका लेखात भिंतीवर चढलेल्या ओलीचंच पानभर वर्णन सापडलं. घरी आलो आणि आजीचा रांजण दिसला. रोजच दिसायचा म्हणा. त्याच्या बाहेरच्या अंगाला मीठ फुलतं, पांढरं, खरबरीत. आजी ओल्या फडक्यानं पुसायची, चार दिवसांत पुन्हा तसंच. त्या फडक्यापासून सुरुवात केली, दोन पानं एका बैठकीत झाली. माड खोडला.

गोंदिया जिल्ह्यातून:
नवेगावबांध आम्हाला सायकलच्या टप्प्यात. मारुती चितमपल्लींचं लेखन वाचेपर्यंत ते तळं म्हणजे आमच्यासाठी मासे अन् धानाचं पाणी, बस. मग मलाही मोहावर लिहायची हुक्की आली. अंधारात टोपली घेऊन निघायचं, फुलं उजाडेपर्यंत गळत राहतात, पायाखाली आली की गोडसर आंबूस वास. छान जमलं होतं. फक्त एक गोष्ट मी शिताफीनं गाळली होती: फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा आम्हीच जाळतो, आणि कधी कधी ती आग पुढं जंगलात शिरते. रात्री झोप येईना. सकाळी ते वाक्य घातलं. लेखाची लय जरा बिघडली, बिघडू दे.

मूर्तिजापूरहून:
मी लिहीत नाही. पण रेल्वेवरचा एक लेख वडिलांना वाचून दाखवला, तर ते शकुंतलेवर तासभर बोलले. अरुंद रुळांची ती गाडी, यवतमाळची. मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवलंय. हे लिहिण्यात धरता का?

यवतमाळ जिल्ह्यातून (थोडं रागानं):
वाचून वाचून धीर आला, म्हणून पहिल्या वेचणीवर लेख लिहिला आणि एका दिवाळी अंकाला पाठवला. छापला. पण पऱ्हाटीची 'कपाशी' झाली, धुऱ्याचा 'बांध', अन् सीतादहीची नुसती 'पूजा'. वाचकाला कळावं म्हणून, असं फोनवर सांगितलं. अहो, आम्ही नाही का तुमचे माड आणि मांडव्या न विचारता समजून घेतल्या?

अंक बाबांना दिला. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला, खिशातलं बॉलपेन काढलं, 'बांध' खोडून वर 'धुरा' लिहिलं. 'पूजा' खोडली. कपाशीवर पेन अडलं.

"हे चालते," म्हणाले.