पोह्यांवर शेव-तूप घातलं तर साखर कमी दिसते, हे कसं?

रामबागकर:
इंदूरचा रविवार, म्हणजे पोहे-जिलबी. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ७.४ आल्यापासून जिलबी सोडली, पोहे सुटत नाहीत. घरी साखर मोजायचं मशीन आहे. नुसते पोहे खाल्ले तेव्हा दोन तासांनी १८६. पुढच्या रविवारी तेवढ्याच पोह्यांवर मूठभर शेव, जिरावण मसाला आणि चमचाभर तूप, तर १५२! सौ.ना म्हटलं, बघ, तूप म्हणजे औषध. ती म्हणाली, आधी विचारा, मग बरणी उघडा. मुलगा सोयाबीन तेलाच्या बाजूने, आई (वय ८४) शेंगदाण्याच्या. खरं काय?

देवासवाली:
काका, चार तासांनी परत बोट टोचा. मधे काही खाऊ नका, चहासुद्धा नको. स्निग्ध पदार्थामुळे पोट हळू रिकामं होतं, साखर उशिरा चढते. गाडी अजून देवासलाच आहे आणि तुम्ही इंदूर स्टेशनावर उभे राहून म्हणताय, आज गर्दीच नाही!

सुदामानगर_आहार:
मी आहारतज्ज्ञ आहे. त्या दिवशीचा आकडा एक गोष्ट, इन्सुलिन कसं चालतं ही दुसरी. २०१४ साली स्वीडनमध्ये तरुणांना ७ आठवडे रोजच्या जेवणाशिवाय वर मफिन खायला दिले. काहींचे पामतेलाचे, काहींचे सूर्यफुलाच्या तेलाचे. वजन दोघांचं सारखंच वाढलं, पण यकृतात चरबी पामवाल्यांच्या जास्त साठली. यकृत असं चरबीनं भरलं की इन्सुलिनचं ऐकत नाही, रात्रभर साखर सोडत राहतं. मग उपाशीपोटीचा आकडा चढतो.
पामतेलात संपृक्त (सॅच्युरेटेड) स्निग्धांश जास्त, आणि तुपातही निम्म्याहून जास्त स्निग्धांश संपृक्तच. वरणभातावर अर्धा चमचा घ्या, पण औषध म्हणू नका. शेंगदाणा असो की सोयाबीन, आई आणि मुलगा दोघंही बरोबर. फक्त ते तुपाच्या जागी यायला हवं, तुपाच्या जोडीला नाही. कुठल्याही तेला-तुपाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी आहेतच. आणि शेव कशात तळलीय ते पाकिटावर वाचा.

रामबागकर:
आज परत केलं, तेच शेव-तुपाचे पोहे. दोन तासांनी १५५, चार तासांनी १९८. गाडी आली, ताई.
चष्मा लावून पाकीट वाचलं. बेसनानंतर लगेच ‘पामोलिन तेल’. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, “मग घाणीवरून शेंगदाण्याचं तेल आण, मी पाडते घरी शेव.” आता हिला कोण समजावणार?