साताऱ्यात पाच माणसांसाठी जास्त अ‍ॅव्हरेजची गाडी: पेट्रोल की सीएनजी?

कोरेगावरोड

नमस्कार. घरातली पहिली गाडी घ्यायची आहे. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. त्यांच्या गुडघ्यांमुळे वाकून खाली बसावं लागेल अशी गाडी नको. रोजचं सातारा-कोरेगाव, अधूनमधून पुणे, उन्हाळ्यात वाई-पाचगणी, असं धरून महिन्याला हजार किलोमीटर होतील. ऑन-रोड साडेआठ लाखांच्या वर जाता येणार नाही, त्यातले ६ लाख कर्ज. शोरूममध्ये सगळे ३४ च्या अ‍ॅव्हरेजचं सांगतात. खरा खर्च किती येतो, आणि सीएनजीचे जास्तीचे पैसे वसूल कधी होतात, हे जाणकारांनी सांगावं.

हिशोबी

ताई, आधी ते ३४ बाजूला ठेवा. वॅगनआर सीएनजीचा किलोला ३४.०५ किमी हा आकडा प्रयोगशाळेत रोलरवर, एसी बंद ठेवून, जास्तीत जास्त ताशी ९० च्या वेगाने काढलेला असतो. भरलेली गाडी, एसी आणि आपले रस्ते धरले तर कंपनीच्या आकड्याच्या ७५ ते ८० टक्के हाती लागतात. म्हणजे वॅगनआर १.० पेट्रोल (कंपनीचा आकडा २४.३५) साधारण १९, आणि सीएनजी २७ च्या आसपास धरा.

आता रुपयांत बघू. सोयीसाठी पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि सीएनजी ९० रुपये किलो धरतो, तुम्ही आपल्या पंपावरचा दर टाका. पेट्रोलवर किलोमीटरला ५.५३ रुपये, सीएनजीवर ३.३३ रुपये. फरक २.२० रुपये. वर्षाला १२,००० किमी चालली तर २६,४०० रुपये वाचतात.

सीएनजी व्हेरियंट साधारण ९० हजारांनी महाग. पण महाराष्ट्रात खासगी सीएनजी गाडीचा रोड टॅक्स कमी आहे. १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, सीएनजीला जुलै २०२५ पासून ८ टक्के (आधी ७ होता). त्यात दहा हजारांच्या आसपास परत येतात, म्हणजे खरा फरक ८० हजारांचा. शिवाय सीएनजी गाडी सगळी सीएनजीवर चालत नाही. गॅस संपला, रांग मोठी दिसली, घाट आला, की पेट्रोल जळतंच. १५ टक्के अंतर पेट्रोलवर धरलं तर बचत किलोमीटरला १.८७ वर येते आणि पैसे फिटायला जवळपास ४३ हजार किमी लागतात. तुमच्या वापरात साडेतीन वर्षं. महिन्याला ५०० किमीच असते तर सात वर्षं लागली असती, आणि मी सरळ पेट्रोल घ्या म्हटलं असतं. हजारला सीएनजी परवडते.

पण इंधनाइतकाच मोठा खर्च कुणी बोलून दाखवत नाही, तो म्हणजे घसारा. ८ लाखांची गाडी आठ वर्षांनी ३ लाखांना गेली तर वर्षाला ६२,५०० रुपये, म्हणजे किलोमीटरला ५.२० रुपये. पेट्रोलच्या खर्चाला लागून! म्हणून अ‍ॅव्हरेजमध्ये दोन-तीनचा फरक शोधत बसायचं आणि त्याच वेळी सनरूफ, मोठा स्क्रीन, अलॉय यांसाठी लाखभर जास्त द्यायचे, हे गणित जुळत नाही.

कर्जाचंही बघा. ६ लाख ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता १२,४५५ आणि एकूण व्याज १.४७ लाख. सात वर्षांसाठी हप्ता ९,६५३ पण व्याज २.११ लाख. हप्ता हलका करायच्या नादात ६४ हजार जादा गेले, म्हणजे सीएनजीची जवळपास तीन वर्षांची बचत बँकेत भरली.

गॅरेजकराड

हिशोबींचं गणित बरोबर आहे. आता सीएनजीत प्रत्यक्षात काय-काय आडवं येतं ते.

६० लिटरच्या टाकीत पुस्तकात १० किलो लिहिलेला असतो, पंपावर ८ ते ९ भरतो. दाब २०० बार लागतो. पाइपलाइनवरच्या पंपाला तो टिकतो. जिथे ट्रकवरून सिलिंडर आणून गॅस देतात, तिथे ट्रक रिकामा होत जाईल तसा दाब उतरतो आणि दुपारनंतर सहा-सात किलोवरच भरणं थांबतं. भरताना गॅस तापतो, त्यामुळे भर उन्हात त्याच दाबाला कमी किलो मावतो. भल्या सकाळी भरा. बुकिंगच्या आधी कोरेगाव रस्त्यावर आणि गावात आपल्या येण्या-जाण्याच्या वेळेला कुठल्या पंपावर किती रांग असते ते स्वतः बघून घ्या. रोज अर्धा तास रांगेत जाणार असेल तर दोन रुपयांच्या बचतीला काही अर्थ नाही. आणि भरताना सगळ्यांना खाली उतरावं लागतं, सासूबाई बरोबर असताना हे लक्षात ठेवा.

टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर ३ वर्षांनी. त्याची पाटी गाडीवर असते, मुदत गेली की पंपवाले गॅस देत नाहीत. गॅसचा फिल्टर आणि स्पार्क प्लग वेळापत्रकाप्रमाणे बदला. सीएनजीला ठिणगी जोरदार लागते, प्लगचा गॅप वाढला की आधी गॅसवर गाडी झटके देते, पेट्रोलवर मात्र ठीक चालते. अशी लक्षणं दिसली की लोक किट उघडायला धावतात. आधी प्लग आणि कॉइल बघायचं.

टाकीत पाव भाग पेट्रोल कायम ठेवा आणि आठवड्यातून पाच-सात किलोमीटर गाडी पेट्रोलवर चालवा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओल धरतं, महिनोन्‌महिने पडून राहिलं की इंजेक्टर चोंदतात. टाकी कोरडी ठेवली तर आतला पंप जळतो, कारण त्याला थंडावा पेट्रोलचाच असतो.

पेट्रोल गाडी घेऊन बाहेरून किट बसवायचा विचार असेल तर सोडून द्या. इंजिनची वॉरंटी जाते, आरसीवर आणि पॉलिसीत नोंद केली नाही तर क्लेम अडकतो, आणि कंपनीच्या सीएनजी इंजिनातल्या व्हॉल्व्ह सीट मुळात कडक धातूच्या असतात, तुमच्या साध्या इंजिनात त्या झिजतात.

वाईकर

डिझेल बघूच नका. रोड टॅक्स १३ टक्के, आणि धुराड्यातला डीपीएफ फिल्टर साफ व्हायला इंजिन गरम राहून सलग वेगात चालावं लागतं. अर्ध्या तासाच्या फेऱ्यांत आणि गावातल्या गर्दीत तो काजळीने भरतो, दिवा लागतो, मग वर्कशॉप. महिन्याला दोन हजार किमी हायवे असेल तर डिझेलचा विषय काढायचा.

एनएच४८

सगळे पैशांचंच बोलताय, हायवेचं कुणी बोलत नाही. पाच माणसं घेऊन पुण्याला जायचं आहे, ट्रक आणि ऊसाच्या ट्रॉल्यांमधून. वॅगनआरला ग्लोबल एनकॅपच्या (गाड्या आदळवून सुरक्षेचे पाचपैकी तारे देणारी संस्था) २०२३ च्या चाचणीत मोठ्यांसाठी १ तारा आणि मुलांसाठी शून्य होता, सांगाडाही अस्थिर ठरला. २०२५ पासून सहा एअरबॅग सगळ्या व्हेरियंटना आल्या, ही चांगली गोष्ट, पण एअरबॅगने सांगाडा बदलत नाही. टाटा पंचला २०२१ मध्ये मोठ्यांसाठी ५ तारे, नव्या डिझायरला २०२४ मध्ये ५.

डिझायर खाली बसते, सासूबाईंना त्रास होईल. सीएनजी हवी असेल तर व्हीएक्सआय या वरच्या व्हेरियंटपासूनच मिळते, ती तुमच्या बजेटच्या वर जाते. म्हणून पंच सीएनजी बघा. कंपनीचा आकडा २६.९९, प्रत्यक्षात २१-२२ धरा. हिशोबींच्या दरांनी किलोमीटरला ४.१९ रुपये. वॅगनआरपेक्षा वर्षाला दहा हजार जास्त, महिन्याला साधारण ८६० रुपये. मुलं मागच्या सीटवर बसणार असतील तर एवढे मी बिनतक्रार देईन.

डिकीचाही मुद्दा आहे. वॅगनआरमध्ये एकच मोठी टाकी डिकी खाते, सुट्टीत पाच जणांच्या बॅगा कुठे ठेवणार? पंचमध्ये ३० लिटरच्या दोन टाक्या तळाशी आडव्या बसवल्यात आणि स्टेपनी गाडीखाली आहे, २१० लिटर जागा उरते. फक्त स्टेपनी खाली असल्याने चिखलात माखते, दर पावसाळ्यानंतर तिची हवा आणि बोल्ट बघायचे.

हिशोबी

एनएच४८ यांचा मुद्दा मान्य. आकड्यांत एक भर घालतो. थर्ड पार्टी इन्शुरन्स इंजिनच्या सीसीवर ठरतो. १००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० ला ३,४१६. नव्या गाडीला तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, ६,५२१ आणि १०,६४०, वर जीएसटी. वॅगनआर १.० आहे ९९८ सीसी, पंच ११९९. फरक फार नाही, पण ऑन-रोड कोटेशनमध्ये दिसेल तेव्हा दचकू नका. दोन्ही गाड्या चार मीटरच्या आत आणि १२०० सीसीच्या आत आहेत, त्यामुळे २२ सप्टेंबर २०२५ पासूनचा १८ टक्के जीएसटी दोघींना लागू.

कोरेगावरोड

खूप उपयोगी पडलं सगळं. पंच मनात भरतेय. दोन शंका आहेत. पसरणीच्या घाटात पाच माणसं आणि एसी घेऊन सीएनजी गाडी चढेल का? आणि ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने अ‍ॅव्हरेज पडतं म्हणतात, ते खरं का? शिवाय मिस्टर इलेक्ट्रिकचं म्हणतायत.

गॅरेजकराड

चढते, पण पेट्रोलइतकी उठत नाही. गॅसवर ताकद दहा-पंधरा टक्के कमी होते, कारण गॅस सिलिंडरमधली हवेची जागा अडवतो. उदाहरणार्थ डिझायरचं तेच इंजिन पेट्रोलवर ८१.६ पीएस (ताकदीचं माप), सीएनजीवर ६९.७५. पसरणीचा किंवा साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट सुरू व्हायच्या आधी सपाटीला बटण दाबून पेट्रोलवर घ्या, वर पोचल्यावर परत गॅस. वळणाच्या आधी दुसरा गिअर टाकायचा, वळणात नाही. इंजिन गुरगुरायला लागेपर्यंत तिसऱ्यात ओढत नेलं तर पेट्रोलही जास्त जळतं आणि इंजिनही तापतं. चढावर गाडी थांबली तर हँडब्रेक लावा. अर्धा क्लच आणि रेस देऊन धरून ठेवली की क्लच प्लेट जळते, त्याचं बिल सगळी बचत घेऊन जातं. एएमटीतही (आपोआप गिअर बदलणारी, क्लच पेडल नसलेली गाडी) आत तोच क्लच असतो, तिथेही रेसवर धरायची नाही.

उतरताना न्यूट्रल कधीच नको. गिअरमध्ये पाय रेसवरून काढला की इंजेक्टर बंद होतात, इंधन शून्य लागतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच, वर सगळा भार ब्रेकवर. पाचगणीहून वाईला येताना ब्रेकचा जळका वास येतो तो याच्यामुळे.

ई-२० चं म्हणाल तर इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, म्हणून अ‍ॅव्हरेज थोडं पडणारच. ई-१० साठी जुळवलेल्या जुन्या गाड्यांत ६-७ टक्क्यांची घट नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच धरली होती. ई-२० साठी बनवलेल्या नव्या गाडीत ती बरीच कमी.

हिशोबी

इलेक्ट्रिकबद्दल थोडक्यात. एका युनिटला साडेसहा किमी आणि चार्जिंगमधली गळती १५ टक्के धरली तर १२,००० किमीला २,१०० च्या वर युनिट लागतात. दहा रुपये दराने २१ हजार, म्हणजे सीएनजीच्या निम्मे. पण घरच्याच मीटरवर लावली तर महिन्याला १७५ युनिट वाढून तुम्ही वरच्या स्लॅबमध्ये जाता. महावितरणकडून चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मिळते, ती घ्या, १५ अँपियरच्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. तुमच्या बजेटात लहान बॅटरीचीच गाडी येते, पुण्याला जाऊन येणं २२० किमी, मध्ये चार्जिंगला थांबावं लागणार. घराबाहेर स्वतःचं पार्किंग नसेल तर विचार सोडा.

मिरजकर

इन्शुरन्सवर सांगलीकडून एक भर. झिरो डेप (क्लेम देताना सुट्या भागांचा घसारा न कापणारं जोडकवच) पहिली पाच वर्षं घ्याच, आणि नदीकाठी जाणं-येणं असेल तर इंजिन प्रोटेक्टही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत आमच्याकडे असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. पाण्यात बंद पडलेली गाडी परत चालू करायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत हे नुकसान बसत नाही. बॅटरीचा निगेटिव्ह काढून गाडी ओढत न्यावी. आणि पॉलिसी शोरूमचीच घेतली पाहिजे असं बंधन नाही, बाहेरचं कोटेशन आणून दाखवा.

कोरेगावरोड

धन्यवाद. पंच सीएनजी आणि वॅगनआर सीएनजी दोन्हींची चाचणी घेणार आहे. काय-काय बघू?

एनएच४८

सासूबाईंना बरोबर न्या. मागचं दार उघडून त्यांना दोनदा चढू-उतरू द्या, दोन्ही गाड्यांत. मागे तिघं बसून बघा, पंचमध्ये मधल्या माणसाला खांद्यांची अडचण होते. मग सगळ्यांना बसवून, एसी लावून, यवतेश्वरच्या चढावर गॅसवर आणि पेट्रोलवर दोन्ही चालवा. शोरूमवाले गावातल्या पोवई नाक्यापर्यंतच नेतात, त्यावर समाधान मानू नका.

गॅरेजकराड

ताब्यात घेताना, नंबर पडायच्या आधी: चेसिस नंबरवरून गाडी कुठल्या महिन्यात बनली ते विचारा, मागच्या वर्षाची असेल तर सूट मागा. टायरवरचा आठवडा-वर्ष बघा, शेवटचे चार आकडे. सीएनजी टाकीच्या पाटीवरची तारीख आणि आरसीच्या अर्जात इंधन पेट्रोल/सीएनजी लिहिलंय का ते तपासा.

अ‍ॅव्हरेज पहिल्या सर्व्हिसिंगनंतर मोजा. पेट्रोल नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंतच भरा, ट्रिप शून्य करा, तीनशेच्या वर किलोमीटर झाले की त्याच पंपावर तसंच भरा आणि भागा. बंद झाल्यावर गोल आकडा करायला आणखी घालू देऊ नका, जादाचं पेट्रोल वाफेच्या कॅनिस्टरमध्ये जातं आणि तो खराब होतो. आकडा अचानक दोन-तीनने पडला तर आधी हवा बघा (दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना), मग गाडी दहा किलोमीटर चालवून चारही चाकांना हात जवळ नेऊन बघा. एखादंच जास्त तापलेलं असेल तर तिथला ब्रेक धरून राहतोय.