५ दिवसांची एल्क हंट, खाण्याचं वजन कसं कमी करू?

रानवाट_७
मंडळी, सप्टेंबरमध्ये आर्चरी सीझनला (धनुष्यबाणाच्या शिकारीचा हंगाम) अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एल्कसाठी, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या शिकारीला जातोय. गाडी ट्रेलहेडला, म्हणजे पायवाट सुरू होते तिथे लावायची, साधारण १२ किमी आत चालत जायचं आणि ३२०० मीटरच्या आसपास तंबू टाकून ५ दिवस वरच राहायचं, मधे खाली यायचं नाही. बाकी सामान जमलंय पण काल खाण्याची पिशवी काट्यावर ठेवली तर ६.५ किलो भरली, धनुष्य नि बाकीचं धरून पॅक उचलवेना. पिशवीत टूनाचे डबे, ब्रेड, सफरचंदं, चीजचा ठोकळा, एनर्जी बार, बीफ जर्की (सुकवलेलं खारं मांस) आणि रात्रीसाठी फ्रीझ ड्राय, म्हणजे पाणी काढून सुकवलेल्या जेवणाची पाकिटं आहेत. काय काढू? आणि दिवसाला कॅलरी किती धरायच्या, कोणी २५०० म्हणतं कोणी ४५००, डोकं फिरलंय.

कडेकपारी
डबे, ब्रेड, सफरचंदं घरी ठेव. सफरचंद म्हणजे ८५ टक्के पाणी, ते तर वर झऱ्याला फुकट मिळतं.

मी एकच आकडा बघतो, १०० ग्रॅममागे कॅलरी किती. सर्व्हिंगचं वजन आणि कॅलरी पाकिटावर असतात, भागाकार करायचा. चरबीच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी आणि कार्ब, प्रोटीनला ४, म्हणजे वजन उतरवायचं तर तेल-बदाम-लोणी याच बाजूला जावं लागतं, दुसरा मार्ग नाही. ऑलिव्ह ऑइल ८८० च्या आसपास, मॅकाडेमिया नट्स ७०० च्या वर, पीनट बटर ६०० च्या जरा खाली. टॉर्टिया (पोळीसारखी मेक्सिकन रोटी) ३०० लाच अडकतो तरी मी नेतो, कारण तो पॅकच्या तळाशी दबला तरी टॉर्टियाच राहतो, ब्रेडचा लगदा होतो.

सगळं मिळून सरासरी ४५० पडली पाहिजे. दिवसाला ३२०० कॅलरी धर, म्हणजे ७०० ग्रॅम, ५ दिवसांचे साडेतीन किलो. तू अंगाने मोठा असशील तर ८०० ग्रॅम कर. रोज थोडी कॅलरी कमी पडली तरी ५ दिवसांत काही बिघडत नाही, ४५०० चा हट्ट धरू नकोस, तेवढं त्या उंचीवर घशाखाली उतरतच नाही, भूक मरते.

रात्रीचं जेवण घरीच बांध: इन्स्टंट मॅश्ड पोटॅटो १०० ग्रॅम, फुल क्रीम दूध पावडर २०, वर खायच्या वेळी २५ ग्रॅम ऑलिव्ह ऑइल. १४५ ग्रॅममध्ये साडेसहाशेच्या वर कॅलरी. फ्रीझरला चालणाऱ्या झिपच्या पिशवीत भर, उकळतं पाणी तिच्यातच ओत, भांडं घासायला नको. रेडिमेड पाकिटं दोन-तीन ठेव, दमून आल्यावर बरी पडतात, पण बऱ्याच पाकिटांवर दोन माणसांचं लिहितात आणि खातो एकटाच.

चुपचाप_बस
वरचं सगळं ट्रेकिंगचं गणित झालं, शिकारीत अजून एक भानगड असते ती म्हणजे आवाज. तू तासन् तास झाडाला टेकून बसणार, एल्क ४० मीटरवर आलेला असणार आणि भुकेने तुझा हात बारकडे जाणार, ते रॅपर त्या शांततेत असं चुरचुर वाजतं की विचारू नकोस. सगळे बार घरीच सोडव, अर्धे तुकडे कर, मऊ कापडी थैलीत किंवा पातळ झिप पिशवीत घाल आणि ती कमरेच्या खिशात ठेव म्हणजे पॅकची चेन ओढायला नको. नट्स, ड्राय क्रॅनबेरी, चॉकलेट एकत्र करून दिवसाप्रमाणे वेगळी पिशवी बांध, नाहीतर दुसऱ्याच दिवशी चॉकलेट संपतं (माझ्या पार्टनरचं तरी हमखास संपतं).

सकाळी स्टोव्ह पेटवूच नकोस. ग्रॅनोलात दूध पावडर घरूनच मिसळून ने, थंड पाणी ओतायचं नि अंधारात हेडलॅम्पच्या उजेडात खाऊन निघायचं. जर्की मला तरी डोकेदुखी वाटते, कॅलरीच्या मानाने जड आणि खारट, वर कड्यावर पाणी नसतं आणि तहान मात्र लागते. थोडी ने चवीला.

हिमरेषा
जर्कीबद्दल असहमत, गोड खाऊन खाऊन तिसऱ्या दिवशी जीव विटतो तेव्हा तीच लागते.

पण कोणीच पॅक-आउटचं, म्हणजे शिकारीचं मांस पाठीवरून गाडीपर्यंत आणण्याचं बोललं नाही. एल्क मिळालाच तर हाडं काढूनही मांस ७०-१०० किलो होतं, म्हणजे त्याच वाटेच्या चार-पाच फेऱ्या. त्या दिवसासाठी जास्तीच्या १००० कॅलरी वेगळ्या बांधून पॅकच्या तळाशी टाक आणि तोपर्यंत हात लावू नकोस. "मिळाला की त्याचंच मांस भाजू" यावर प्लॅन उभा करू नकोस. कोलोरॅडोत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणं-एल्क यांना होणारा मेंदूचा जीवघेणा रोग आहे, १९६७ मध्ये हा रोग पहिल्यांदा दिसला तोच तिथल्या बंदिस्त हरणांमध्ये. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण टेस्ट पॉझिटिव्ह आलेलं मांस खाऊ नका असंच सीडीसी ही अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सांगते, आणि रिपोर्ट काही वर तंबूत मिळत नाही.

रानवाट_७
भारी माहिती सगळ्यांची! आत्ताच परत काटा लावला, ३.८ किलो. चीजचा छोटा तुकडा आणि जर्की ठेवलीये. दोनच शंका, त्या उंचीवर फ्रीझ ड्राय पाकिटं नीट शिजतात का, आणि स्टोव्हवरच्या वासाने एल्क पळतात का?

कडेकपारी
३२०० मीटरवर पाणी ८९-९० अंशांनाच उकळतं, त्यामुळे पाकिटावर १० मिनिटं असतील तर १८-२० दे, मधे एकदा तळापर्यंत ढवळ आणि डाऊन (पिसं भरलेल्या) जॅकेटमध्ये गुंडाळून ठेव. चीज हार्ड असू दे आणि पहिल्या दोन दिवसांत संपव.

चुपचाप_बस
एल्कला नूडल्सच्या आधी तुझाच वास येतो, वारा बघ बाकी काही नाही. काळजी करायची तर अस्वलाची कर. हिवाळ्याच्या आधी काळं अस्वल दिवसाला २०,००० कॅलरीपर्यंत खातं आणि तुझी ३.८ किलोची पिशवी त्याला १२ किमी चालावं न लागता मिळणार. स्वयंपाक तंबूपासून १०० मीटर लांब, खाणं बेअर कॅनिस्टरमध्ये (अस्वलाला उघडता न येणारा डबा) किंवा चार मीटर उंच आणि खोडापासून दीड मीटर बाजूला टांगलेलं. टूथपेस्ट पण त्यातच टाक, आणि मांस टांगशील तेही तंबूजवळ नको.