ट्रस्ट : विश्वास, भरवसा की पत?

कापडपारखी : सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्यासाठी प्रशिक्षण-पुस्तिका मराठीत करतोय. कापडातले दोष कॅमेऱ्यातून ओळखणारी एआय तपासनिसांच्या जोडीला बसणार आहे. मजकुरात म्हटलंय, तिच्यावरचा 'ट्रस्ट' शेजारच्याच्या मतानं कमीजास्त होतो. मी 'विश्वास' लिहिलं. जॉबर (खात्याचे मुकादम) म्हणाले, "विश्वास माणसावर, यंत्राचा भरवसा." काय लिहू?

श्वस् : विश्वासच. वि अधिक श्वस्, निर्धास्तपणे श्वास घेणं. भरवसा बोलीत ठीक, पुस्तिकेत नको.

चाटीगल्ली : बोलीत ठीक म्हणजे? वाचणारे बोलीतच वाचणार ना! माझ्या मते शब्द तिसराच, पत. विश्वास आपल्या मनात असतो, पत चार लोकांच्या तोंडी. आजोबांना पत बघून सूत उधार मिळायचं. देणाऱ्यानं त्यांना पाहिलेलंही नसायचं, कुणीतरी शब्द टाकलेला असायचा. आमच्या खात्यात एका जुन्या तपासनिसानं "हे चुकीचं दाखवतंय" म्हटलं आणि बाकीच्यांनी स्क्रीनकडे बघणंच सोडलं. यंत्र तेच, पत गेली.

श्वस् : पत फेडणाऱ्याची असते. यंत्र काय फेडणार? असलीच तर विकणाऱ्या कंपनीची.

मनमोजणी : मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅशनं 1951 साली लोकांना रेघांची लांबी ओळखायला दिली. बाकीचे ठरवून चुकीचं बोलायचे, तर उत्तर डोळ्यांसमोर असूनही बरेच जण त्यांच्यामागे गेले. एकानं जरी खरं सांगितलं, तरी हे प्रमाण खूप घटायचं. प्रयोग यंत्रांवरचा नव्हता, पण माणसं तीच आहेत. म्हणून पुस्तिकेत घालाच : प्रत्येकानं आपला निकाल आधी टिपावा, मग बोलावं. ज्येष्ठ बोलून गेल्यावर नवीन पोर तोंड उघडत नाही.

पूर्वभाग : आमच्या घरी तेलुगूत नम्मकम, कन्नड शेजाऱ्यांकडे नंबिके. मागावरही तोच शब्द, जावयावरही. जॉबरांचा भेद मला पटत नाही.

चाटीगल्ली : मराठीतही 'या गाडीचा भरवसा नाही' आणि 'त्या माणसाचा भरवसा नाही', दोन्ही म्हणतात की.

श्वस् : नकारात म्हणतात. होकारात विश्वासच.

चाटीगल्ली : आमची आई "तुझ्यावर भरवसा आहे" म्हणूनच घराची किल्ली द्यायची.

कापडपारखी : 'आधी टिपावा' घातलं, आभार. आता मजकुरात एआयला म्हटलेला 'टीममेट' अडलाय. 'सहकारी' वाचून तपासनीस मावशी म्हणाल्या, "सहकाऱ्याला चुकलं तर बोलता येतं, याला कोण बोलणार?"

पूर्वभाग : जोडीदार.

श्वस् : तो नवराबायकोत.

पूर्वभाग : कामावरच्या सोबत्यालाही म्हणतात की! सोलापूरच्या आमच्या पूर्व भागात येऊन ऐका.